हिरवा त्रिकोण आणि फवारणाऱ्याची कातडी

हापूसच्या बागेत मोहोर फुटायच्या आधी पहिली फवारणी होते आणि फळ अंड्याएवढे होईपर्यंत साधारण पंधरा-पंधरा दिवसांनी ती चालूच राहते. तुडतुड्याला कोणते कीटकनाशक, भुरीला कोणते बुरशीनाशक, दहा लिटर पाण्याला किती मिली, हे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ठरवून दिलेले वेळापत्रक इथल्या बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. मोहोराच्या दिवसांत ढग आले, अवकाळी पाऊस झाला, की त्यात एक-दोन फवारण्यांची भर पडते. पुढे मेअखेरीला मुरूड, आंजर्ले, केळशीकडच्या वाड्यांत पोफळींवर बोर्डो मिश्रण चढते, कारण पावसात कोळेरोग आला तर कोवळी सुपारी सडून गळते. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने दापोली तालुक्यात कोणी ना कोणी अंगावर बुरशीनाशक घेत असतो. त्याच्या मानेवर पुरळ उठते, पापण्या सुजतात, बोटांच्या बेचक्यांतली कातडी फाटते, कधी तोंड काळवंडते. या तक्रारींना बागेत, घरात आणि पुष्कळदा दवाखान्यातही ठरलेले उत्तर मिळते: उष्णता असेल, चीक लागला असेल, चार दिवसांत जाईल. या लेखात तपासायचे आहे ते हे उत्तर. बुरशीनाशके माणसाला सौम्य असतात ही आपली समजूत मृत्यूच्या मापाने ठरलेली आहे. कातडीचे माप निराळे आहे, ते आपल्याकडे आजवर कोणी नीट लावलेले नाही, आणि ते लावल्याशिवाय फवारणीच्या सुरक्षिततेबद्दल आपण जे काही बोलतो ते अर्धेच राहते, असे माझे मत आहे.

ही समजूत कुठून आली ते डब्यावरच दिसते. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे त्याखालचे नियम बुरशीनाशकांनाही लागू आहेत. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापावा लागतो. रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला किती मात्रा लागते यावर. तोंडावाटे वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत मरण आले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्याच्या वर हिरवा. कातडीवाटे दिलेल्या मात्रेचेही असेच आकडे आहेत, पण तिथेही विचारलेला प्रश्न मरणाचाच आहे: औषध कातडीतून आत शिरून प्राणी मेला का? खुद्द कातडीला काय झाले, हे रंगाच्या हिशेबात येतच नाही. मॅन्कोझेबसारखे बुरशीनाशक उंदराला ५००० मिलिग्रॅमच्या मात्रेतही मारत नाही, म्हणून ते हिरव्यात बसते. त्यामुळे दुकानदार सांगतो, हे काही विषारी नाही, हिरवे आहे. मालक तेच गड्याला सांगतो, आणि कीटकनाशकाच्या दिवशी निदान तोंडाला फडके बांधणारा गडी बुरशीनाशकाच्या दिवशी तेही बांधत नाही. युरोपीय संघाच्या वर्गीकरणात मात्र हेच मॅन्कोझेब त्वचेला ॲलर्जी आणणारे म्हणून नोंदले आहे. थायरम, कॅप्टन, क्लोरोथॅलोनिल आणि आपल्याकडे भुरीवर सर्रास वापरले जाणारे हेक्झाकोनॅझोल हीही त्याच वर्गात आहेत. गंधकाला कातडीची जळजळ करणारे म्हणून वेगळा इशारा आहे. एकाच डब्याबद्दलची ही दोन्ही विधाने खरी आहेत. गडबड होते ती पहिल्या विधानाने दुसऱ्याची जागा घेतल्यामुळे.

कातडी दोन तऱ्हांनी बिघडते, आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही. पहिली तऱ्हा थेट इजेची. गंधक, चुना, मोरचूद किंवा औषधातले द्रावक कातडीवरचा तेलकट थर ओढून घेतात, वरचा पापुद्रा दुखावतो, आग होते, लाली येते, भेगा पडतात. हे कोणालाही होऊ शकते. औषध जितके तिखट, जितका वेळ अंगावर राहील, जितका घाम आणि ऊन, तितका त्रास जास्त, आणि तो त्याच दिवशी दिसतो. दुसरी तऱ्हा ॲलर्जीची. तिथे शरीराची संरक्षक यंत्रणा त्या रसायनाची ओळख पटवून ठेवते. ही ओळख पटायला निदान दहा-पंधरा दिवस लागतात, कधी वर्षानुवर्षे पटत नाही आणि मग एखाद्या हंगामात पटते. एकदा पटली की बहुधा जन्मभर टिकते. त्यानंतर त्या रसायनाचा थोडासा स्पर्शही एक-दोन, कधी तीन दिवसांनी खाज, सूज आणि पाणी भरलेल्या बारीक पुटकुळ्या उठवतो. हा उशीर फार फसवा आहे. सोमवारी फवारणी झाली आणि बुधवारी रात्री खाज सुटली, तर सोमवारच्या टाकीकडे बोट दाखवणार कोण? बुधवारी जे खाल्ले, ज्या झुडपात हात घातला, जे ऊन लागले, त्याच्यावर आळ येतो.

जगभरच्या अभ्यासांत ही दुसरी तऱ्हा पुन्हापुन्हा दिसली आहे. दक्षिण तैवानच्या फळबागांतल्या शेतकऱ्यांची १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी या विषयात नेहमी उद्धृत होते. तिथे पाठीवर औषधाच्या पट्ट्या लावून चाचणी केली तेव्हा कॅप्टाफॉल आणि फॉल्पेट या बुरशीनाशकांची ॲलर्जी ठळकपणे पुढे आली. आपल्याकडे चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी शेतकऱ्यांच्या अशाच चाचण्यांवरचा अभ्यास १९९० मध्येच प्रसिद्ध केला होता, म्हणजे भारतात हा प्रश्न माहीतच नव्हता असे म्हणायला जागा नाही. पनामाच्या केळीच्या मळ्यांत क्लोरोथॅलोनिल हाताळणाऱ्या मजुरांच्या अंगावर राखाडी-काळसर डाग पसरलेले आढळले. त्यांचा त्या औषधाशी संबंध असावा, असे तिथल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये मांडले. तोंड काळवंडले की आपण ते उन्हाच्या खाती टाकतो, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियात कीडनाशकाने आलेले आजारपण कळवणे डॉक्टरांना १९७१ पासून बंधनकारक आहे, आणि तिथल्या नोंदींत द्राक्षमळ्यांतले साधे गंधक त्वचेच्या तक्रारींच्या यादीत वरच्या जागी राहत आले. विषारीपणात जवळजवळ शेवटचे असलेले औषध तक्रारींत पहिल्या रांगेत येते, कारण तिथे तक्रारी मोजल्या जातात.

याच कॅलिफोर्नियातली १९८६ ची एक घटना बुरशीनाशकाची नाही, कोळीनाशकाची आहे, तरी ती इथे सांगायला हवी. ट्युलेरी काउंटीत संत्री तोडणाऱ्या १९८ मजुरांपैकी ११४ जणांना कातडीचा तीव्र दाह झाला. त्यांच्यापैकी कोणी औषध मारले नव्हते, झाडावर उरलेल्या अंशाला हात लागला एवढेच. औषधाचा मूळ घटक जुनाच होता, तो ज्या स्वरूपात तयार करून विकला गेला ते स्वरूप नवे होते आणि त्यामुळे अंश पानांवर अधिक दिवस टिकला. म्हणून फवारणी करणारा एकटाच जोखमीत आहे असे धरून चालत नाही. त्याहून मोठा आणि जुना दाखला तुर्कस्तानचा. १९५५ ते १९५९ च्या दरम्यान आग्नेय अनातोलियात हेक्झाक्लोरोबेन्झिन हे बुरशीनाशक चोळलेला बियाण्याचा गहू लोकांनी खाल्ला. तीन-चार हजार माणसे आजारी पडली आणि रोगाची सर्वांत उघड खूण कातडीवर होती: उन्हात फोड, काळे व्रण, चेहऱ्यावर नको तेवढे केस. शरीरात आत काय बिघडले आहे ते कातडीने बाहेर दाखवले. दापोलीतल्या पुरळाची त्या आपत्तीशी बरोबरी होऊ शकत नाही आणि मला ती करायचीही नाही. कातडीची तक्रार किरकोळ धरायची सवय वैद्यकाच्या इतिहासाला धरून नाही, एवढेच यातून घ्यायचे.

आता दापोलीची परिस्थिती पाहू, कारण विदर्भातल्या कपाशीची फवारणी आणि कोकणातल्या कलमांची फवारणी यांत दिशेचाच फरक आहे. कपाशीत माणूस पिकाच्या वर असतो किंवा बरोबरीने. हापूसच्या जुन्या बागेत कलमे तीस-चाळीस फुटांवर गेलेली असतात आणि गडी खालून बांबूला बांधलेली गन वर धरून मारतो, नाहीतर बेचक्यात उभा राहून चारी बाजूंना मारतो. मारलेल्या औषधातला बराचसा भाग पानांवरून निथळून त्याच्याच अंगावर येतो: कपाळावर, पापण्यांवर, मानेच्या खळीत, वर केलेल्या बाहीतून काखेत. कातडी सगळीकडे सारखी जाड नसते. त्वचारोगतज्ज्ञ मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकावर केलेल्या प्रयोगात पुढच्या हातावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के औषध आत शिरले, कपाळावरून ३६ टक्के आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. औषध बदलले की आकडे बदलतील, पण शरीराच्या कोणत्या जागा कच्च्या आहेत तो क्रम उपयोगाचा आहे. वरून निथळणारे औषध नेमके त्याच जागा गाठते. त्यात शर्ट-पँट भिजून अंगाला चिकटली की कापड औषध अडवायचे थांबते आणि ते कातडीवर धरून ठेवू लागते. दुपारपर्यंत तेच कपडे अंगावर, संध्याकाळी तेच घरात, आणि घरातली बाई ते हाताने धुते. तिचे नाव फवारणीच्या कुठल्याच यादीत नसते.

पोफळीच्या वाडीत गोष्ट आणखी वेगळी. तिथले औषध घरी बनते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, ही एक टक्का बोर्डो मिश्रणाची कृती. मोरचुदाचे पाणी आम्लधर्मी, चुन्याचे अल्कधर्मी. दोन्ही बरोबर जुळली की मिश्रण आकाशी रंगाचे आणि सौम्य होते. जुळले की नाही ते पाहायची जुनी रीत म्हणजे घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा किंवा कोयत्याचे पाते मिश्रणात बुडवायचे. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, आणखी चुन्याची निवळी घालावी लागेल. ही परीक्षा सगळे पानांसाठी करतात, कारण मोकळ्या मोरचुदाने कोवळी पाने जळतात. तेच मोकळे मोरचूद पाडेल्याच्या मांड्यांवर, पोटावर आणि तळपायांवर बसते, कारण पोफळीवर चढणारा माणूस खोडाला अंग घासतच वर जातो. चुना जास्त पडला तर पाने वाचतात, पण हातांना भेगा पडतात. म्हणजे खिळ्याच्या परीक्षेइतकाच चुना बेताने घालण्याचाही संबंध माणसाच्या कातडीशी आहे. बोर्डो जुने आहे, सेंद्रिय शेतीतही चालते, म्हणून ते निरुपद्रवी, हा युक्तिवाद मला मान्य नाही. १८८५ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत ते प्रसिद्धीस आले आणि १९६९ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी तेच वर्षानुवर्षे फवारणाऱ्यांच्या फुप्फुसांचा आजार वर्णन करून ठेवला. निसर्ग वादळाने ३ जून २०२० रोजी या किनाऱ्यावरच्या हजारो पोफळी आडव्या केल्या. त्या जागी लावलेली रोपे अजून ठेंगणी आहेत. ती उंच होईपर्यंत जमिनीवरून, वाऱ्याची दिशा पाहून फवारायची सवय लागली तर ती पुढेही टिकू शकेल.

यावरचा पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: कोकणात अंगावर उठायला कारणे थोडी आहेत का? आंब्याचा चीक आहे, काजूबीच्या टरफलातले तेल आहे, बिब्बा आहे, आणि ही तिन्ही झाडे एकाच कुळातली असून त्यांच्यातले दाहक पदार्थही एकमेकांचे भाऊबंद आहेत. खाजकुयली आहे, सुरवंट आहेत, हुमले आहेत, दमट हवेतले गजकर्ण आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच प्रत्येक पुरळ औषधाच्या माथी मारणेही चुकीचे ठरेल. पण कारणे अनेक असली म्हणजे ती वेगळी करता येत नाहीत असे नाही. चीक लागतो तो प्रामुख्याने काढणीच्या दिवसांत, मार्च ते मे, आणि तो जिथे ओघळला तिथे रेघेसारखी भाजल्याची खूण उमटवतो. बुरशीनाशकाच्या फवारण्यांचा मोठा भाग त्याआधीच्या थंडीत होतो. जानेवारीतल्या पुरळाला चीक जबाबदार धरणे कठीण आहे. उन्हाची ॲलर्जी हनुवटीखालची, कानामागची आणि वरच्या पापणीची सावलीतली कातडी सहसा सोडते. हवेतून आलेले औषध त्याच जागा गाठते. गजकर्ण गोल, कडेने वाढणारे, आणि हंगाम संपला तरी न हटणारे. औषधाचा दाह फवारणी थांबली की उतरतो आणि पुन्हा सुरू झाली की उसळतो.

एक गुंता मात्र खरोखर अवघड आहे. बागेत बुरशीनाशक पुष्कळदा एकटे मारले जात नाही. भुरीचे आणि तुडतुड्याचे औषध एकाच टाकीत जाते, आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी कीटकनाशके चेहऱ्यावर मुंग्या आणि आग आणतात. ती आग मज्जातंतूंची असते. काही तासांत सुरू होते, पुरळ दिसत नाही, घामाने आणि उन्हाने वाढते, साधारण दिवसभरात शमते. म्हणून विचारायचे प्रश्न दोनच: कातडीवर काही दिसते आहे का, आणि ते फवारणीनंतर किती वेळाने आले? हे दोन प्रश्न विचारायला त्वचारोगतज्ज्ञ लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका ते विचारू शकते. आज बहुतेक वेळा यातले काहीच न विचारता औषधाच्या दुकानातून बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर एकत्र चालणारे, स्टिरॉइड मिसळलेले मलम हातात पडते. असली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झाले, तरी ती मिळत राहतात. मलमाने लाली दबते, कारण झाकले जाते, आणि पुढच्या फवारणीला तोच माणूस पुन्हा टाकीपाशी उभा राहतो.

दुसरा आक्षेप पातळपणाचा. दहा लिटरला पाच मिली हेक्झाकोनॅझोल म्हणजे औषध दोन हजारपट पाण्यात गेले, एवढ्याने काय होणार? फवाऱ्यापुरते हे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण डबा उघडून झाकणाने मोजणाऱ्या आणि बादलीत काठी नसली तर हाताने ढवळणाऱ्या माणसाच्या बोटांवर ते दोन हजारपट तिखटच असते. फवारणीतली सर्वांत जोखमीची पाच मिनिटे बहुधा कालवण्याची असतात. शिवाय अंगावर पडलेल्या थेंबातले पाणी उडून जाते आणि औषध तिथेच राहते. दुपारपर्यंत थरावर थर चढतात. याच आक्षेपाचा जोडीदार म्हणजे अनुभवी गड्याचा दाखला: वीस वर्षे औषध मारतो आहे, काही झाले नाही. ॲलर्जीच्या बाबतीत वीस वर्षांची शांतता एकविसाव्या वर्षाची हमी देत नाही. उलट जितके अधिक वेळा संपर्क आला तितक्या ओळख पटायच्या संधी अधिक. आणि ज्यांना त्रास झाला ते काम सोडून मुंबईला गेले किंवा दुसऱ्या कामाला लागले. बागेत उरलेल्यांनाच विचारले तर कोणाला काही होत नाही असेच उत्तर येणार.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भुरीने मोहोर गेला तर वर्ष गेले. करपा पडला तर फळाला डाग, डागाला भाव नाही. बुरशीनाशके बंद करा असे म्हणणारा माणूस कोकणातल्या बागायतदाराला काहीच सांगत नसतो, आणि माझे ते म्हणणे नाही. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब, कॅप्टन, थायरम, झायनेब, झायरम आणि कार्बेन्डाझिम ही बुरशीनाशके होती. पुढे ती यादी पुष्कळ आखडली. युरोपीय संघाने त्याच वर्षी मॅन्कोझेबची परवानगी पुढे न वाढवण्याचे ठरवले, तेही मुख्यतः प्रजननावरच्या आणि संप्रेरकांवरच्या परिणामांमुळे. बंदी हवी की नको हा वाद त्या पातळीवर चालू दे. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. फळावर औषधाचा अंश किती राहिला हे आपण मोजतो, कारण गिऱ्हाईक ते मागते. युरोपने मे २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा अडवला तेव्हा बागांची नोंदणी, तपासणी, उष्णजल प्रक्रिया या सगळ्याला वेग आला आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते जाणत्या बागायतदाराला ठाऊक असते. फवारलेल्या बागेत माणसाने पुन्हा किती तासांनी शिरावे हे मात्र कोणी विचारत नाही. फळासाठी जे जमले ते माणसासाठी जमणार नाही असे मानायला काही आधार नाही.

चौथा आक्षेप असा की सुरक्षा किट दिले तरी गडी वापरत नाहीत. हे मी त्यांच्या हट्टाचे लक्षण मानत नाही. कोकणातल्या दमट हवेत बंद पोशाख घालून झाडावर चढता येत नाही, गमबूट घालून बेचक्यात पाय रोवत नाही, घामाने चष्म्यावर वाफ धरते. रबरी हातमोजा तर काहींना आणखी संकटात टाकतो, कारण रबर पक्के करण्यासाठी वापरतात ती थायुराम रसायने आणि थायरम हे बुरशीनाशक एकाच घराण्यातली आहेत. ज्याला थायरमची ॲलर्जी झाली त्याचे हात मोज्याच्या आतही फुलतात आणि मग मोजे कायमचे फेकले जातात. नायट्राइलचे मोजे बहुतेकांना चालतात, किंमत थोडी जास्त. (थायरम हाताळलेल्या माणसाने त्या संध्याकाळी दारू घेतली तर तोंड लाल होऊन धडधड सुटू शकते, कारण दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामचे ते सख्खे भावंड आहे. हेही अनेकदा पित्त म्हणून खपते.) संरक्षक पोशाख ही उतरंडीतली शेवटची पायरी आहे. तिच्यावर सगळा भार टाकला की दोष आपोआप मजुरावर येतो.

पहिल्या पायऱ्या निराळ्या आहेत आणि त्यांतल्या काही विद्यापीठाच्या शिफारशींत वेगळ्या कारणाने आधीच आहेत. जुन्या, उंच वाढलेल्या कलमांची छाटणी करून बागेचे पुनरुज्जीवन करावे असे विद्यापीठ सांगते, उत्पन्नासाठी आणि ऊन-वारा खेळण्यासाठी. झाड बुटके झाले की औषध वर न मारता समोर मारता येते आणि अंगावर निथळणे कमी होते, हा त्याचा आरोग्याचा फायदा कोणी मोजलेला नाही, तो मोजायला हवा. बागेत हवा खेळली की भुरी-करप्याचा जोरही कमी होतो, म्हणजे फवारण्याच घटतात. गंधक भर दुपारच्या उन्हात मारू नये, हे मोहोरासाठी पाळले जाते आणि माणसासाठीही तितकेच लागू आहे. सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट पाण्याची. सड्यावरच्या, कातळावरच्या बागांत हिवाळ्यापासूनच पाणी नसते. फवारणीसाठी ते टँकरने किंवा पिंपांतून चढवावे लागते, आणि ते सगळे टाकीत जाते. हात धुवायला, अंगावर ओतायला, डोळ्यांत थेंब गेला तर मारायला काही उरत नाही. औषध मारून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ते पाच-सहा तास कातडीवर राहते. नेपाळहून आलेल्या, बागेतच खोपीत राहणाऱ्या कुटुंबांना तर घर आणि बाग वेगळी नाहीतच. औषधाचे डबे, चूल आणि अंथरूण एका छपराखाली असतील तर सायंकाळची आंघोळही निम्मीच कामाची. या कुटुंबांना डब्यावरची मराठी सूचना वाचता येईल याचीही खात्री नाही.

राहिला प्रश्न नोंदीचा, आणि माझ्या मते सगळ्याची किल्ली तिथेच आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले, चौकशी बसली, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी आली. हे घडले ते मृत्यू मोजता आले म्हणून. पुरळ मोजले जात नाही. कायद्यात मात्र त्याला जागा आहे. १९६८ च्या कायद्याचे २६ वे कलम राज्य सरकारला असा अधिकार देते की कीडनाशकाच्या वापराने किंवा हाताळणीने झालेल्या बाधेच्या घटना कळवणे अधिसूचना काढून बंधनकारक करावे. १९७१ च्या नियमांत ही औषधे हाताळणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची आणि संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने शेतात फवारणी-धुरळणी करणाऱ्याला कामगार मानले आणि रसायनांमुळे होणाऱ्या त्वचारोगांना व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात घातले. इतके सगळे असूनही फवारणीच्या पुरळाची भरपाई मागितली जात नाही, कारण पुरळ फवारणीचे होते हे सांगणारा कागदच नसतो. नेमके कारण सिद्ध करायला पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी आणि पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी पाहावे लागते. म्हणजे खेड्यातल्या मजुराने तालुक्याला किंवा त्याहून लांब तीन फेऱ्या मारायच्या आणि तीन दिवसांची मजुरी बुडवायची. शिवाय नेहमीच्या भारतीय चाचणी-संचात थायुराम असते, पण बाकीच्या बुरशीनाशकांसाठी वेगळा संच मागवावा लागतो. ही चाचणी प्रत्येकाची होणार नाही, हे मान्य. पण तारीख, औषधाचे नाव, अंगावरची जागा आणि किती तासांनी उठले, या चार गोष्टी लिहून ठेवायला चाचणी लागत नाही. अशा शंभर-दोनशे नोंदी जमल्या की कोणत्या औषधाच्या मागे कोणती जागा लागते ते दिसू लागेल, आणि चाचणी कोणाची करायची तेही ठरवता येईल.

हे काम दापोलीत सुरू व्हावे असे म्हणायला कारण आहे. विद्यापीठ इथे आहे, त्याची स्थापनाच १९७२ मध्ये कोकणच्या शेतीसाठी झाली. उपजिल्हा रुग्णालय त्याच गावात आहे, आणि बागा दोन्हींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. रुग्णालयाने नोव्हेंबर ते जुलै एक वेगळी वही ठेवावी आणि विद्यापीठाने फवारणीच्या वेळापत्रकात मात्रेच्या शेजारी आणखी दोन रकाने छापावेत: हे औषध कातडीला काय करते, आणि फवारलेल्या बागेत किती तासांनी शिरावे. वेळापत्रक नेपाळीतही छापावे. बागायतदारांना विनंती अशी, की येत्या हंगामात फवारणीच्या पिंपाशेजारी अंग धुण्याच्या पाण्याचे दुसरे पिंप आणि साबण ठेवा, काम संपल्यावर कपडे बागेतच बदलायला लावा, ढवळायला काठी आणि कालवायला नायट्राइलचे मोजे द्या, आणि ज्याच्या अंगावर एकदा उठले आहे त्याला डॉक्टरने पाहिल्याशिवाय पुन्हा औषध कालवायला लावू नका. त्याची त्या दिवसाची मजुरी कापू नका.